मराठेशाहींतील तोफांचे व दारूगोळ्याचे कारखाने

मराठ्यांच्या तोफखान्याविषयीं आपल्याकडे एक समज रूढ होऊन बसला आहे. तो असा कीं, मराठे घोडेस्वारींत निष्णात, परंतु तोफ ही वस्तु त्यांस अखेरपर्यंत परकीच राहिली. ती त्यांनीं विकत घेतली अगर लढाईंत काबीज केली, पण स्वतःच्या राज्यांत कधीं निर्माण केली नाहीं. या समजांत सत्याचा अंश आहे. परंतु १८०३ सालीं शिंद्यांच्या ज्या तोफा इंग्रजांच्या हातीं पडल्या, त्यांची इंग्रज अधिकाऱ्यांनींच केलेली तपासणी वाचली म्हणजे तो जसाच्या तसा टिकत नाहीं. उलट एक वेगळा व अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. तोफा इतक्या उत्तम होत्या, तर त्या निर्माण करणारी विद्या मराठी राज्यांत टिकली कां नाहीं? या प्रश्नाचा विचार करणें व त्याच्या उत्तरास लागणारे कागद कोणते हें संग्राहकांच्या नजरेस आणणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. पल्ला कशावर अवलंबून असतो

तोफ जितकी अवजड तितका तिचा पल्ला लांब, अशी सामान्य समजूत असते. ती बरोबर नव्हे. विजापूरची मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ सालीं अहमदनगर येथें महंमद बिन हुसेन रूमी यानें ओतली. तिचें वजन सुमारें ५५ टन, लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक व पोकळीचा व्यास सुमारें २८ इंच आहे. एवढा धातु वितळवून एका साच्यांत उतरविणारे कारागीर या भूमींत सोळाव्या शतकांतच होते, हें त्या तोफेवरून निर्विवाद सिद्ध होतें. परंतु तिची लांबी पोकळीच्या व्यासाच्या जेमतेम सहापट भरते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रेंचांनीं ज्या मैदानी तोफा प्रचारांत आणल्या, त्यांची लांबी पोकळीच्या व्यासाच्या अठरापट असे. नळी पुरेशी लांब असली म्हणजे पेटलेल्या दारूचा वायु गोळ्यास अधिक काळ ढकलीत राहतो व गोळ्याचा वेग वाढतो. म्हणून वजनानें शेकडों पट हलकी असलेली तोफ मारा करण्यास अधिक उपयोगी पडूं शकते, आणि बैलांनीं ओढून नेतां येते हा लाभ वेगळाच.

दुसरी गोष्ट गोळ्याची. गोळा व नळीची आंतली बाजू यांमध्यें थोडी फट ठेवावीच लागते. नाहीं तर गोळा आंत सरकत नाहीं. परंतु ही फट जास्त झाली तर वायु बाजूनें निसटून जातो, गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडतो, आणि पल्ला व नेम हीं दोन्हीं बिघडतात. इंग्रजांच्या कारखान्यांत ही फट गोळ्याच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतकी ठेवण्याचा नियम होता. असा नियम पाळावयाचा तर शेंकडों तोफा एका मापाच्या व हजारों गोळे एका मापाचे असावे लागतात. ज्या तोफखान्यांत वीस ठिकाणांहून आलेल्या वीस मापांच्या तोफा असतात, तेथें गोळा तोफेस बसत नाहीं अगर सैल बसतो, आणि ऐन लढाईंत गोळे असूनहि तोफ मुकी राहते.

तिसरी गोष्ट दारूची. सोरा, कोळसा व गंधक यांचें प्रमाण शंभर भागांत ७५, १५ व १० असें त्या काळच्या चांगल्या इंग्रजी दारूंत असे. परंतु प्रमाणाइतकेंच महत्त्व सोरा शुद्ध करण्यास व दारूचे सारखे दाणे पाडण्यास आहे. अशुद्ध सोरा हवेंतील ओल ओढून घेतो आणि दारू दमट होते. सारांश, धातु, माप व दारू हीं तिन्हीं साधलीं म्हणजेच तोफेचा पल्ला साधला. तीं साधलीं असतां सहा पौंडी गोळ्याची मैदानी तोफ आठशें ते हजार यार्डांपर्यंत कामाची ठरे. यांपैकीं प्रत्येक गोष्ट मराठ्यांस कितपत साधली होती, हें आतां पाहूं.

२. शिवकाल

परक्यांच्या तोफांवर अवलंबून राहण्याचा धोका शिवाजीमहाराजांस फार लवकर कळला होता. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां राजापूरच्या वखारींतील इंग्रज आपला दारूगोळा घेऊन त्याच्या साहाय्यास गेले व त्यांनीं स्वतःचें निशाण लावून किल्ल्यावर मारा केला. १६६१ सालीं महाराजांनीं राजापूरची वखार लुटून तेथील इंग्रजांस कैदेंत टाकलें, त्याचें हें एक कारण होय. परंतु गरज मात्र राहिलीच. १६७३ च्या सुमारास सुरतेच्या फ्रेंचांनीं महाराजांस ऐशीं तोफा व बंदुकांस पुरेल इतकें शिसें विकल्याचें ऑर्म यानें लिहिलें आहे. इंग्रज, फ्रेंच व पोर्तुगीज यांच्या आपसांतील चढाओढीचा फायदा घेऊन तोफा मिळवावयाच्या, हें धोरण त्या वेळीं योग्यच होतें. पण विकणारा ज्या दिवशीं विकण्याचें नाकारील त्या दिवशीं तें संपणारें होतें.

दारूच्या बाबतींत मात्र शिवकालीन राज्यव्यवहाराची परंपरा बरीच काळजीची दिसते. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत दुर्गांच्या प्रकरणीं दारूखान्याचे नियम दिले आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, त्याभोवतीं दाट कुंपण असावें, दारू तळघरांत गच्चीवर माच घालून ठेवावी, तीस सर्दी लागूं देऊं नये, आणि आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें दारू व बाण बाहेर काढून उन्हें देऊन पुनः मोहोरबंद करून ठेवावे, अशी ती व्यवस्था आहे. ज्यानें हे नियम लिहिले त्यास सोऱ्याचा स्वभाव पुरता माहीत होता. परंतु हे नियम दारू सांभाळण्याचे आहेत. ती करण्याचे नव्हेत, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

३. पेशव्यांचा तोफखाना

पेशव्यांचा तोफखाना सोनोरीच्या पानशांकडे होता. सासवडानजीकचा मल्हारगड हा त्याच घराण्यानें अठराव्या शतकाच्या मध्यास बांधला. महाराष्ट्रांत जे किल्ले अगदीं शेवटीं बांधले गेले त्यांत त्याची गणना होते. १७६० सालीं उदगीरच्या मोहिमेंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं व पलटणींनीं काय काम केलें तें प्रसिद्धच आहे. पुढल्याच वर्षीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं, तो तोफखाना पानिपतावर नष्ट झाला. तोफा गेल्या त्या गेल्या, त्यांबरोबर शिकलेले गोलंदाजहि गेले. आणि हें दुसरें नुकसान भरून येण्यास अधिक काळ लागला.

यानंतर थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत गोळे पाडण्याचे कारखाने सरकारांतून उभारलेले आढळतात. जुन्नर प्रांतीं ओतूरजवळ आंबेगव्हाण येथें एक व पुण्यांत एक, असे दोन कारखाने पेशव्यांच्या रोजनिशींतील नोंदींवरून प्रसिद्ध झाले आहेत. या नोंदी लहान आहेत, परंतु त्यांचें महत्त्व मोठें आहे. गोळे बाहेरून न आणतां आपल्या मुलखांत पाडले म्हणजे ते आपल्या तोफांच्या मापाचे पाडतां येतात. पानिपतानंतर ही दृष्टि दरबारांत आली होती, एवढें त्यांवरून निश्चित म्हणतां येतें.

अडचण कच्च्या मालाची होती, तीहि येथेंच सांगितली पाहिजे. पंचरसी तोफेस तांबें व कथील लागतें. राजपुतान्यांत तांब्याच्या खाणी होत्या, तरी मोठा पुरवठा समुद्रमार्गें होई. कथील मलायाकडून येई. गंधकहि बहुतांशीं बाहेरूनच येई. सोरा देशांत विपुल होता, पण त्याचें मोठें उत्पन्न बिहारांत, आणि तेथील मक्ता १७५८ सालीं इंग्रज कंपनीनें मीर जाफराकडून आपल्या हातीं घेतला. दक्षिणेंत जुन्या गांवठाणांच्या मातींतून सोरा काढीत, तो या तोट्यास पुरेसा नव्हता. समुद्र ज्याच्या हातीं त्याच्याच हातीं तोफेचा धातु व दारूचा गंधक, अशी ही स्थिति होती.

४. महादजी शिंद्यांचे कारखाने

या स्थितींतून मार्ग काढण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न महादजी शिंद्यांनीं केला. १७८४ सालीं त्यांनीं सव्हॉयचा रहिवासी बन्वा द ब्वाञ याला नोकरींत घेतलें. कवाइती पलटणींची कथा सर्वांस माहीत आहे. तिच्या मागें असलेल्या कारखान्यांची कथा तितकी माहीत नाहीं. गोहदच्या राण्याच्या नोकरींत पूर्वीं असलेला सँगस्टर नांवाचा एक स्कॉच कारागीर द ब्वाञनें आणून तोफा ओतण्याच्या कामावर नेमिला. आग्र्याच्या किल्ल्यांत दारूगोळ्याचें कोठार झालें. सँगस्टरच्या देखरेखीखालीं बंदुकाहि होऊं लागल्या आणि त्या दर नगास दहा रुपयांच्या आसपास पडत, असें कॉम्प्टन यानें १८९२ सालीं नमूद केलें आहे. फौजेच्या व कारखान्यांच्या खर्चासाठीं अंतर्वेदींतील मुलूख जायदाद म्हणून तोडून देण्यांत आला, त्यामुळें पगार व धातूची खरेदी वेळच्या वेळीं होऊं लागली. कारखाना चालावयाचा तर त्यास नेमका वसूल लावून दिला पाहिजे, ही गोष्ट महादजींस समजली होती. पाटण व मेडता येथील १७९० सालचे विजय या व्यवस्थेचें फळ होय.

दारूगोळा वाहून नेण्यांतील धोका मात्र त्यांसहि चुकला नाहीं. १७९३ सालीं लाखेरीच्या घाटांत होळकरांशीं लढत असतां द ब्वाञच्या बाजूस दारूच्या एका उघड्या गाड्यावर गोळा पडला व शेजारचे गाडे एकामागून एक उडाले. आज्ञापत्रांत दारूखाना घरांपासून दूर कां सांगितला, त्याचें हें रणांगणावरील प्रत्यंतर म्हणतां येईल.

५. शत्रूची साक्ष

या कारखान्यांतून निघालेल्या तोफा कशा होत्या? याची उत्तम साक्ष शत्रूची आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजीं दिल्लीसमोरच्या लढाईंत जनरल लेकच्या हातीं शिंद्यांच्या ६८ तोफा व दारूगोळ्याचे ३७ गाडे आले. त्या तोफांची तपासणी होऊन तिचा अहवाल मेजर थॉर्न याच्या १८१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत आला आहे. त्याचें तात्पर्य असें: लोखंडी तोफा युरोपांतल्या होत्या; परंतु पितळी तोफा, गरनाळा व उखळी तोफा, एक पोर्तुगीज तोफ वगळतां, सर्व हिंदुस्थानांतच ओतलेल्या होत्या, कांहीं मथुरेस व कांहीं उज्जयिनीस. त्यांचीं मापें बहुधा फ्रेंच पद्धतीचीं होतीं, आणि घडण कंपनीच्या कोणत्याहि शस्त्रागारांतील तोफेच्या तोडीची होती. तोफेचें तोंड वरखालीं करण्यासाठीं पाचरींऐवजीं मळसूत्राची योजना होती. म्हणजे नेम धरण्याचें काम अंदाजानें न होतां मोजून होत असे.

त्याच अहवालांत आणखी एक गोष्ट नमूद आहे, ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. चार पौंडी तोफांपैकीं तेरा तोफांच्या आंत घडीव लोखंडाची नळी होती व तिच्यावर पितळेचा रस ओतलेला होता. नळी लोखंडाच्या उभ्या पट्ट्या जोडून केलेली असून दोन धातूंचा सांधा इतका बेमालूम होता कीं, रंगाच्या फरकावांचून तो ओळखूं येत नसे. या योजनेचें कारण उघड आहे. पितळ चिवट असतें, तें एकाएकीं फुटत नाहीं. परंतु तें मऊ असल्यामुळें लोखंडी गोळ्यांच्या घर्षणानें आंतून झिजतें, फट वाढते व पल्ला कमी होतो. लोखंड झिजत नाहीं, पण फुटण्याचें भय असतें. दोहोंचा संयोग केला कीं दोहोंचे दोष झाकतात. हें नुसतें फ्रेंच नमुन्याचें अनुकरण नव्हे. घडीव लोखंडाच्या पट्ट्या जोडून तोफ करण्याची कला हिंदुस्थानांत कित्येक शतकें चालत आलेली होती. ती या देशांतील लोहारांनीं नव्या मापाच्या तोफेंत उतरविली, असेंच म्हणावें लागतें.

दक्षिणेंतहि साक्ष हीच मिळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या लढाईंत आर्थर वेलस्लीच्या सुमारें साडेचार हजार लढाऊ लोकांपैकीं १,५८४ माणसें ठार, जखमी अगर बेपत्ता झालीं, व त्यांतील बहुतेक हानि तोफांनीं केली. तेथें हातीं आलेल्या नव्वदाहून अधिक तोफांपैकीं सत्तर पितळी तोफा आपण पाहिलेल्यांत सर्वोत्कृष्ट होत्या, असा अभिप्राय त्यानें स्वतः पत्रांतून कळविला. टिपूच्या तोफा इंग्रजांस आपल्या कामीं लावतां आल्या नव्हत्या. शिंद्यांच्या तोफा मात्र लावतां येण्याजोग्या आहेत, असेंहि त्याचें मत पडलें.

६. मग विद्या कां टिकली नाहीं

इतक्या चांगल्या तोफा असतां राज्य कां गेलें, याचें उत्तर तोफांत नाहीं. ऑगस्ट १८०३ मध्यें इंग्रजांनीं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरींतील आपल्या जातभाईंस ती नोकरी सोडून येण्याबद्दल पेन्शनचें आमिष दाखविलें व अनेकजण निघून गेले. अलीगडचा दरवाजा दाखविणारा लुकान हा शिंद्यांच्याच फौजेंतून फुटलेला अंमलदार होता. द ब्वाञच्या मागून सेनापति झालेला पेराँ यानेंहि सप्टेंबरांत इंग्रजांचा आश्रय घेतला. परंतु १ नोव्हेंबर रोजीं लासवाडी येथें, वरचे युरोपियन अंमलदार निघून गेले असतां, शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहींत. संगिनींनीं मारले जाईपर्यंत ते आपापल्या जागीं उभे राहिले. त्यांस फ्रेंच अधिकारी असते तर निकाल फार संशयित झाला असता, असें लेकनें स्वतः लिहून ठेविलें आहे. म्हणजे हात आपले होते व धैर्य आपलें होतें. हुकूम देणें, माप ठरविणें व नमुना काढणें हें काम तेवढें पगारी परक्यांकडे होतें. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगांवच्या तहानें आग्रा व अंतर्वेद गेली, तेव्हां आग्र्याचें कोठार व कारखान्यांस लावून दिलेला मुलूख हीं दोन्हीं एका कलमाखालीं गेलीं.

याच काळांत इंग्रज कंपनी काय करीत होती तें पाहण्यासारखें आहे. इच्छापूर येथें १७८७ सालीं दारूच्या कारखान्याची स्थापना होऊन १७९१ पासून दारू निघूं लागली. काशीपूर येथें १८०१ सालीं तोफांच्या गाड्यांचा कारखाना निघाला. आग्र्याचा कारखाना व इच्छापूरचा कारखाना हे समकालीन होत. परंतु एक सँगस्टरच्या हयातीवर व द ब्वाञच्या मर्जीवर चालणारा, व दुसरा संस्थेच्या नियमांवर चालणारा. अधिकारी बदलला तरी मापाचा नमुना, हिशेबाची वही व शिकाऊ कारागीर तेथेंच राहत. आमच्याकडे माणूस गेला कीं माप गेलें. आमच्या मतें दोष कारागिरींत नसून या एका गोष्टींत आहे.

तरीहि ती विद्या १८०३ सालींच पूर्णपणें नाहींशी झाली असें नव्हे. २९ डिसेंबर १८४३ रोजीं महाराजपूर येथें ग्वाल्हेरच्या तोफांनीं इंग्रजांस पुनः जबर तडाखा दिला. त्यानंतरच्या तहानें ग्वाल्हेरच्या फौजेस व तोफांस मर्यादा घालण्यांत आली, आणि काबीज केलेल्या तोफांचा धातु वितळवून १८४७ सालीं कलकत्त्यास गंगाकांठीं विजयाचें स्मारक उभारण्यांत आलें. ज्या तोफा पुराव्यादाखल राहिल्या असत्या, त्या अशा रीतीनें शत्रूच्या घुमटींत गेल्या.

७. संग्राहकांस विनंती

म्हणूनच उरलेला पुरावा जपला पाहिजे. तो दोन प्रकारचा आहे. पहिला प्रकार किल्ल्यांवर व गांवोगांवीं पडलेल्या तोफांचा. प्रत्येक जुनी तोफ शिवकालीन मानण्याची घाई करूं नये. पाठीवर राजमुकुट व अक्षरें अगर बाणाच्या अग्रासारखी खूण असल्यास ती इंग्रजी समजावी. इंग्रजी तोफेवर पुष्कळदां तीन आंकडे ओळीनें कोरलेले असतात. तें साल नसून वजन असतें. पहिला आंकडा हंड्रेडवेटांचा म्हणजे ११२ पौंडांचा, दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा म्हणजे २८ पौंडांचा व तिसरा सुट्या पौंडांचा. समजा, १८–२–१४ असे आंकडे आढळले, तर वजन २,०८६ पौंड झालें. पोर्तुगीज तोफ ढालीच्या राजचिन्हावरून ओळखूं येते. ज्या तोफेवर असें कांहींच नाहीं तिची लांबी, तोंडाशीं पोकळीचा व्यास व धातूची जाडी मोजून ठेवावी, आंतील व बाहेरील धातूचा रंग निराळा आहे काय तें पाहावें, आणि देवनागरी अगर फारसी लेख असल्यास त्याचा ठसा घ्यावा. मथुरेची अगर उज्जयिनीची एक जरी आणखी तोफ अशी उजेडांत आली तरी ती एका बखरीइतकी मोलाची ठरेल.

दुसरा प्रकार कागदांचा. सनदा, करीने व राजकारणाचीं पत्रें सर्वांस हवीं असतात. कोळसा, तांबें, सोरा व बैलांचा दाणा यांचे हिशेब कोणी जपत नाहीं. परंतु कारखाना कोठें होता, किती मजुरीवर चालला, गोळा किती शेरांचा पाडला, घाण किती निघाली, हें सांगणारे कागद हेच. किल्ल्यांवरील सामानाच्या याद्या, तोफखान्याच्या हजेऱ्या, लोहार, कासार व बेलदार यांच्या वराता, पानशांसारख्या घराण्यांच्या खासगी दप्तरांतील रोजमेळ, असे मोडी कागद रद्दींत टाकण्यापूर्वीं एकवार वाचावेत. आंबेगव्हाणचा कारखाना आज आपणांस माहीत आहे तो अशाच दोन ओळींच्या नोंदीमुळें.

खडकी येथें १८६९ सालीं सुरू झालेला दारूगोळ्याचा कारखाना आजहि चालू आहे. पुण्याच्या पाषाण भागांतील संरक्षण-संशोधनसंस्थेनें आंखलेल्या १५५ मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या तोफेनें २०१७ सालच्या चांचणींत ४८ किलोमीटरांवर मारा केला, आणि मार्च २०२५ मध्यें तशा ३०७ तोफांचा करार झाला. त्यांतील मोठा वांटा पुण्याच्याच एका कारखान्याकडे आहे. अडीचशें वर्षांपूर्वीं ज्या शहरांत पेशव्यांनीं गोळे पाडण्यास आरंभ केला, तेथेंच हें घडत आहे. मधल्या काळांत काय हरवलें व तें कशामुळें हरवलें, याचा हिशेब लावण्याचें काम मात्र दप्तरें चाळणाऱ्यांचें आहे, आणि तें अद्याप पुरें झालेलें नाहीं.